डोकाव, पण कळशी बुडवू नकोस

रत्नागिरी, आषाढ

प्रिय मित्रा,

फॅमिकॉम या जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणाऱ्या आपल्या एम्युलेटरचा डीबगर (आत डोकावून दोष शोधायचं साधन) तू अंगावर घेतलास हे बरं झालं. त्या भागाला वाली नव्हता. तू दोन तक्रारी कळवल्यास: मेमरीची खिडकी उघडी असली की काही गेम सुरूच होत नाहीत, आणि ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) कधी लागतो, कधी नाही. दोन्हींची मुळं वेगळी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. पत्रातले पत्ते हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) समज; मोजमापाचे आकडे मात्र नेहमीचे.

आधी खिडकीचं बघू. सुरू होताना बहुतेक गेम २००२ हा पत्ता पुन्हा पुन्हा वाचत बसतात. तिथला सातवा, म्हणजे सर्वांत वरचा बिट, व्हीब्लँक (दोन चित्रांमधला मोकळा वेळ) लागला की १ होतो. चित्र काढणाऱ्या चिपला, पीपीयूला, चालू झाल्यावर स्थिरावायला साधारण एक फ्रेम लागते. म्हणून प्रोग्रॅम दोन व्हीब्लँक मोजतो आणि मगच पुढे सरकतो. मेख अशी की २००२ नुसता वाचला तरी तो बिट लगेच ० होतो. मूळ चिपच तशी आहे, त्यात दोष नाही. आता आपली खिडकी ताजी कधी होते? फ्रेम संपली की. २४१ क्रमांकाच्या ओळीवर बिट १ झाला, एम्युलेटरने 'फ्रेम झाली' म्हणून खिडकीला हाक मारली, खिडकीने २००२ वाचला, बिट पुसला गेला. गेम बिचारा दारात ताटकळत उभा. हेच एखाद्या एम्युलेटरने फ्रेम २४० क्रमांकाच्या ओळीला संपवली तर दोष तसाच राहतो, पण दिसत नाही, कारण बिट अजून लागलेलाच नसतो. 'माझ्याकडे तर चालतंय' हे उत्तर तुला अशाच ठिकाणी ऐकू येईल.

विहिरीत डोकावणं वेगळं आणि कळशी बुडवून पाणी काढणं वेगळं. सीपीयू कळशी बुडवतो, डीबगरने फक्त डोकावायचं. कोडमध्ये या डोकावणाऱ्या फंक्शनला सगळे 'पीक' म्हणतात (शेतातलं नव्हे). आपल्याकडे ते आहे, पण अर्धवट: रॅम आणि रॉमपुरतं नीट, बाकी सगळीकडे सरळ वाचण्याच्या फंक्शनकडे वळवलेलं.

२००७ बघ. हा वाचला की पीपीयूचा आतला पत्ता १ ने किंवा ३२ ने पुढे जातो, आणि हातात येतो तो आधीच्या वाचनाचा साठलेला बाइट. पीपीयूची आठ रजिस्टरं २००० पासून ३एफएफएफ पर्यंत दर आठ बाइटांनी पुन्हा पुन्हा दिसतात. त्यामुळे १६ ओळी गुणिले १६ बाइट अशी तुझी खिडकी त्या भागावर असली तर एकदा रंगताना २००७ तब्बल ३२ वेळा वाचला जातो. पडद्यावरचा कचरा बघून तू पीपीयूचा कोड तपासत बसशील, आणि दोष मात्र खिडकीत असेल. ४०१६ वाचलास तर जॉयस्टिकच्या आठ बटणांपैकी एकाचा बिट सरकतो आणि गेमला 'ए'च्या जागी 'बी' मिळतं. ४०१५ वाचलास तर फ्रेम काउंटरच्या इंटरप्टची (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हाकेची) खूण पुसते.

मॅपरची, म्हणजे कार्ट्रिजमध्ये मेमरीचे तुकडे (बँका) बदलणाऱ्या सर्किटची, गोष्ट याहून चोरटी. एमएमसी३ मॅपर ओळी मोजतो तो पीपीयूच्या पत्त्याची बारावी तार खालून वर गेली की. टाइल, म्हणजे चित्राचे छोटे तुकडे, दाखवणारी खिडकी पीपीयूच्या खऱ्या बसवरून (पत्ते आणि डेटा वाहणाऱ्या तारांवरून) वाचत असेल तर ती तारही हलवते, मोजणी चुकते आणि खालची गुणांची पट्टी थरथरायला लागते. एमएमसी२ तर एफडी आणि एफई या दोन टाइल वाचल्या गेल्या की चित्रांची बँकच बदलतो. म्हणजे टाइलची खिडकी उघडणं हीच तिथे एक कृती ठरते.

दुरुस्ती करताना 'वाच' या फंक्शनला 'हे डीबगरसाठी आहे' असा हो-नाहीचा जादा पॅरामीटर लावू नकोस. तो मोह होतो, कारण पॅच दहा ओळींत संपतो. पण उद्या कोणी नवा मॅपर लिहिला की तो पॅरामीटर बघायला विसरणारच. पीक वेगळं ठेव आणि कॉन्स्ट कर, म्हणजे आत कोणी काही बदलायला गेलं तर कंपायलरच हात धरेल. मूळ मॅपर क्लासमध्ये त्याला तयार उत्तर देऊ नकोस. प्रत्येक मॅपरला स्वतःचं लिहायला लाव. पंचवीस-तीस फायलींत तीन-तीन ओळींची हमाली आहे, पण एकदाच. आणखी एक बारकावा: जिथे काहीच जोडलेलं नाही तो पत्ता वाचला की बसवर शेवटचा राहिलेला बाइट मिळतो. पीकने तो दाखवावा, पण स्वतःच्या वाचनाने तो बदलू नये.

हे जमलं की नाही याची परीक्षा अशी घे. गेम थांबव, सेव्ह-स्टेट (यंत्राच्या पूर्ण स्थितीची प्रत) मेमरीत काढ. मग सीपीयूचे ६५,५३६ आणि पीपीयूचे १६,३८४ पत्ते सगळे पीकने वाच. पुन्हा सेव्ह-स्टेट काढ आणि दोन्ही बाइटागणिक ताड. एक जरी बाइट वेगळा निघाला तरी कळशी बुडली. बसवरचा तो शेवटचा बाइट आणि मॅपरचे आतले काउंटर सेव्ह-स्टेटमध्ये साठतात ना, हे आधी बघून घे. ते साठत नसतील तर परीक्षा खोटी पास होईल. प्रत्येक मॅपरसाठी एक रॉम घेऊन हे चालव.

आता ब्रेकपॉइंट. तू ८१२३ वर लावतोस, तो कधी लागतो, कधी भलत्याच ठिकाणी लागतो. रत्नागिरी स्टँडवर एकाच फलाटावर आता देवरूखची गाडी असते, ती सुटली की लांज्याची लागते. फलाटाचा नंबर बघून चढलास तर कुठेही पोचशील. ८००० ते बीएफएफएफ हा पट्टा तसाच फलाट आहे. साध्या मॅपरात तिथे १६ केबीच्या बँका पाळीपाळीने येतात आणि सी००० पासून वर शेवटची बँक कायम असते. तेव्हा ब्रेकपॉइंट फलाटावर लावायचा नाही, गाडीवर लावायचा: रॉममधल्या जागेवर. बँक ३ मधला ८१२३ म्हणजे ३ गुणिले १६,३८४ अधिक २९१, म्हणजे ४९,४४३ वा बाइट. तो आकडा साठव, वापरणाऱ्याला मात्र 'बँक ३, ८१२३' असं दाखव. 'कुठल्याही बँकेत' हा पर्यायही ठेव. कोड अजून ओळखीचा नसतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. रॅमचंही थोडं असंच: २ केबी रॅम शून्यापासून १एफएफएफ पर्यंत चार वेळा दिसते, म्हणून ००१० आणि ०८१० एकच. तुलना करण्याआधी पत्ता ०७एफएफ शी अँड करून घे.

थांबल्यावर 'चालू' दाबलं की पुन्हा तिथेच अडकतो, हाही तुझा अनुभव असणार. ब्रेकपॉइंटची तपासणी प्रत्येक सूचना (सीपीयूची एक आज्ञा) चालवण्याआधी होते, त्यामुळे पुढे जाताना तोच ब्रेकपॉइंट पुन्हा पकडतो. उपाय म्हणून काही जण तो पत्ता सोडून देतात आणि नवा दोष आणतात: सूचना स्वतःवरच उडी मारणारी असेल तर मग कधीच थांबत नाही. सूट पत्त्याला द्यायची नाही, एका सूचनेला द्यायची. एक सूचना झाली की सूट संपली.

इंटरप्ट आणि ब्रेकपॉइंट एकाच सीमेवर आले तर आधी इंटरप्टचा निकाल लाव. उलट केलंस तर डीबगर एका ओळीवर थांबलेला दिसतो आणि 'एक पाऊल' दाबल्यावर एकदम एनएमआय या इंटरप्टच्या कोडमध्ये पोचतो. मग लोक सीपीयू बिघडला म्हणून कळवतात.

वॉचपॉइंटला (पत्ता वाचला-लिहिला की थांबवणाऱ्या खुणेला) ६५०२ या सीपीयूच्या सवयी माहीत असाव्या लागतात. इंक्रिमेंटसारखी सूचना एकाच पत्त्यावर दोनदा लिहिते: आधी जुनाच बाइट, लगेच पुढच्या सायकलला नवा. शिवाय एक्स किंवा वाय रजिस्टर जोडून पत्ता काढताना पान (२५६ बाइटांचा गट) ओलांडलं तर आधी चुकीच्या पानावरचा बाइट वाचला जातो, आणि त्या पद्धतीने लिहिताना तर हे फुकटचं वाचन नेहमीच होतं. यांना चूक समजून गाळू नकोस. खऱ्या यंत्रावर ती होतात आणि रजिस्टरांवर त्यांचा परिणामही होतो. फक्त यादीत 'पोकळ वाचन', 'पोकळ लेखन' असं लिही आणि त्यांवर थांबायचं की नाही हे वापरणाऱ्यावर सोड. थांबायचं ते सूचना पूर्ण झाल्यावर, पण दाखवायचा पत्ता सूचनेच्या सुरुवातीचा. अर्ध्यात थांबलास तर रजिस्टरं ना धड इकडची ना तिकडची.

'स्टेप ओव्हर' (फंक्शनच्या आत न थांबता पुढे जाणं) सोपं वाटतं: जेएसआर, म्हणजे फंक्शनला हाक मारणारी सूचना, तीन बाइटांची, तर पीसी (चालू सूचनेचा पत्ता) अधिक ३ वर तात्पुरता ब्रेकपॉइंट लाव. पण पुष्कळ गेम जेएसआरच्या मागेच डेटा ठेवतात, आत गेलेलं फंक्शन स्टॅकवरचा परतीचा पत्ता काढून तो डेटा वाचतं आणि त्याच्या पलीकडे परततं. तुझा ब्रेकपॉइंट डेटावर वाट बघत राहतो. म्हणून पत्त्यावर भिस्त ठेवू नकोस, स्टॅक पॉइंटर बघ: जेएसआरच्या आधी तो जिथे होता तिथे किंवा त्याच्या वर आला की थांब. पॉइंटर आठ बिटांचा आहे आणि शून्याखाली गेला की एफएफ होतो, तेवढं तुलनेत सांभाळ. स्टॅकवर पत्ता ढकलून आरटीएस या परतीच्या सूचनेने उडी मारण्याची युक्तीही सर्रास असते, त्यामुळे कॉल-स्टॅकची खिडकी म्हणजे अंदाज आहे. खिडकीच्या मथळ्यातच तसं लिही.

वेगाची काळजी फार करू नकोस. सीपीयू सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार सायकलींचा, आणि दर सायकलीला एक वाचन किंवा लेखन. ६५,५३६ बाइटांचा एक तक्ता ठेव: प्रत्येक पत्त्याला वाचन, लेखन, चालवणं असे तीन बिट. तक्त्यात शून्य असेल तर पुढे. नसेल तरच बँक, अटी वगैरे सावकाश तपास. डीबगरसाठी सीपीयूची वेगळी प्रत करायचं कोणी सुचवेल. करू नकोस. दोन प्रती सहा महिन्यांत दोन वेगळी यंत्रं होतात.

थांबलेलं असताना एम्युलेशनचा थ्रेड झोपला पाहिजे, गरगरत राहता कामा नये; पंखा जोरात फिरायला लागला की समज. पुन्हा सुरू करताना वेळेचा हिशेब नव्याने धर, नाहीतर पाच मिनिटं थांबलेला गेम ती पाच मिनिटं भरून काढायला सुसाट धावतो. आणि आपला पीपीयू आळशी आहे, गरज पडली तरच मागचं काम उरकतो. थांबल्यावर त्याला आत्तापर्यंत आणून मग आकडे दाखव, नाहीतर ओळीचा क्रमांक शिळा असतो. असं मध्येच आणल्याने पुढचं चित्र बदललं, तर तो दोष पीपीयूचा, वेगळा नोंदव.

हा भाग मोडतो तो बहुधा दुसऱ्याच्या हातून. कोणी वेग वाढवायला वाचनाचा रस्ता बदलतो, डीबगर उघडून बघत नाही, आणि चार महिन्यांनी कळतं. त्यावर एक चाचणी लाव: तोच रॉम, तीच बटणं, ६०० फ्रेम. एकदा डीबगर बंद. एकदा सगळ्या खिडक्या दर फ्रेमला वाचताहेत आणि कधीच खरी न होणारी अट असलेले शंभर ब्रेकपॉइंट लावलेले. शेवटच्या स्थितीचा हॅश (सगळ्या बाइटांवरून काढलेला ठसा) दोन्हीकडे तोच आला पाहिजे. सीपीयूच्या नोंदीसाठी नेसटेस्ट हा चाचणी-रॉम आहेच: सी००० पासून चालव, सुरुवातीला पी (स्थितीचं रजिस्टर) २४, एसपी (स्टॅक पॉइंटर) एफडी, सायकल ७, आणि त्याच्या प्रसिद्ध नोंदीशी ओळ न् ओळ ताड. चाचण्यांना विकतचे गेम लावू नकोस, मोफत चाचणी-रॉम पुरतात.

आधीच मोडलेलं शोधायला गिट बायसेक्ट (कमिटांची यादी निम्मी-निम्मी करत शोधणं): १२० कमिट असले तरी ७ बिल्डमध्ये गुन्हेगार सापडतो. पण वरची चाचणी आधी स्क्रिप्टमध्ये बसव, डोळ्यांनी ठरवू नकोस. पाचव्या बिल्डला डोळे कंटाळतात. सध्या तुमच्याकडे लाइट दिवसातून किती वेळा जाते हे सांगायला नको. रेपोची पूर्ण प्रत आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या लॅपटॉपवर उतरवून ठेव, बायसेक्टची नोंद फाइलीत काढत जा म्हणजे वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू करता येईल. आणि गणपतीत चाकरमानी आले की घरात लॅपटॉप टेकवायलाही जागा मिळणार नाही, तेव्हा पीकचं काम त्याआधी उरक.

पहिला पॅच फक्त पीकचा पाठव, ब्रेकपॉइंट त्यात मिसळू नकोस. एमएमसी३ पासून सुरू कर. सेव्ह-स्टेटच्या दोन प्रतींत पहिला वेगळा बाइट कितवा निघाला तो आकडाही सोबत लिही. त्यावरून कुठली खिडकी दोषी ते मी इथून सांगू शकेन.