निगडीच्या पाल्याने खरंच सूज उतरते का, आणि लॅबमध्ये हे तपासतात कसं?

तुम्ही विचारलंय की आई गुडघ्याला निगडीचा पाला गरम करून बांधते, ह्यात काही सायन्स आहे की नुसतं मनाचं समाधान. मी एम फार्मला निगडीवरच काम केलंय (पुस्तकातली निर्गुडी), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाला आमच्या राजापूरकडचा, व्हाळाच्या कडेचा. पहिल्यांदा श्रावणात काढून पडवीत पसरला तर चार दिवसांत बुरशी, सगळा टाकून दिला, मग दिवाळीनंतर परत काढला. सावलीत वाळवून भरड पूड करायची, मिथेनॉलमध्ये अर्क उतरवायचा, मिथेनॉल उडवलं की खाली काळपट हिरवा चिकट गोळा राहतो.

आता सूज. रॅटच्या मागच्या पंजात १ टक्का कॅराजिनन ०.१ मिली टोचतात, हे लाल समुद्री शेवाळातून मिळतं. पंजा सुजतो, तो प्लेथिस्मोमीटरच्या नळीत बुडवून पाणी किती वर चढलं ते तासातासाने मोजायचं. १९६२ पासूनची पद्धत आहे. सुरुवातीची सूज हिस्टामाइन, सेरोटोनिन ह्या शरीरातल्याच रसायनांमुळे आणि तिसऱ्या तासानंतरची मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन ह्या दुसऱ्या रसायनामुळे, जिथे डायक्लोफेनॅक हे सूज-दुखण्यावरचं नेहमीचं औषध काम करतं तीच, त्यामुळे अर्क कितव्या तासाला सूज उतरवतो ह्यावरून तो आत काय करतोय ह्याचा अंदाज येतो, मला तर हाच भाग सगळ्यात आवडायचा. एका गटाला अर्क, एकाला डायक्लोफेनॅक, एकाला औषधाशिवाय नुसतं पातळ द्रावण, आणि मोजणाऱ्याला कुठला गट कुठला ते माहीत नको.

दुखण्यासाठी ५५ अंश गरम प्लेटवर उंदीर किती सेकंदांनी पाय चाटतो ते बघतात, पंधराएक सेकंदांत उचलायचाच, नाहीतर भाजतो. पण अर्काने नुसती गुंगी आली तरी तो उशिरा चाटणार ना! म्हणून फिरत्या दांड्यावर त्याचा तोल राहतो का हेही तपासायला हवं, आणि जिथे हे केलेलं नाही तो रिझल्ट मी धरत नाही.

निगडीच्या अर्काने प्राण्यांमधली सूज कमी होते हे बऱ्याच अभ्यासांत आलंय, आमच्याकडेही आलं. पण आम्ही अर्क तोंडातून दिला होता हो, आणि तुमची आई गरम पान वरून बांधते. नुसत्या शेकानेही बरं वाटतंच. खरं तपासायचं तर गुडघे दुखणाऱ्या अर्ध्या लोकांना निगडी आणि अर्ध्यांना फणसाचं पान तेवढंच गरम करून बांधायला हवं.

तोवर आईला बरं वाटत असेल तर बांधू दे, फक्त तिला शुगर असेल तर पान आधी तुमच्या मनगटाला लावून बघा, अशा लोकांना पायाला चटका बसलेला कळत नाही बऱ्याचदा. आणि गुडघा लाल होऊन ताप आला तर पाला बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.