ऑपरेशनच्या प्लॅनिंगसाठी एआर चष्म्यात सर्जनला काय-काय दाखवावं?

जितकं कमी दाखवता येईल तितकं. हा चष्मा समोरच्या खऱ्या दृश्यावरच चित्र उभं करतो, त्यामुळे गर्दी लगेच होते. हे मी तोंडावर आपटून शिकलोय.

मी सोलापुरात सीटी स्कॅनवरून थ्रीडी मॉडेल करून देतो. आजोबा चादरीच्या नक्षीचा ग्राफ एकेक चौकोन रंगवून भरायचे. माझंही तेच, फक्त चौकोनांऐवजी ठोकळे. स्कॅनमधून हाड पटकन सुटं करता येतं, कारण सीटीत ते पांढरंशुभ्र येतं. डाय दिलेल्या रक्तवाहिन्याही तशाच पांढऱ्या येतात, मग हाडाला चिकटलेली वाहिनी हाताने सोडवत बसा!

एका हाडांच्या डॉक्टरांना होलोलेन्स २ या मायक्रोसॉफ्टच्या एआर चष्म्यावर मोडलेला खुबा दाखवायला गेलो. हौसेने मापं, बाण, मेन्यू सगळं भोवती टांगलेलं. डॉक्टर मान वळवतील तिकडे मेन्यू आडवा. "अरे, हे सगळं काढ आधी. मला हाड बघू दे." त्यात तुटलेला तुकडा उठून दिसावा म्हणून मी काळा केला होता. या चष्म्याची काच फक्त उजेड टाकते, म्हणजे काळं ते आरपार. तुकड्याच्या जागी त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

आता सुरुवातीला नुसतं हाड ठेवतो, प्रत्येक तुकडा वेगळ्या फिक्या रंगात. तळहात समोर धरला तरच मेन्यू. मॉडेल साधारण दोन मीटरवर, कारण या चष्म्याचा फोकस तिथेच पक्का बसवलाय. हाताजवळ आणलं की थोड्या वेळात डोकं धरतं.

प्लॅनिंग सोडून प्रत्यक्ष ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या अंगावर चित्र बसवायचं असेल, तर गोष्ट वेगळी. मणक्यासाठी तशा एका यंत्रणेला अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) 2019 मध्ये मान्यता दिली. हाड कडक, त्यामुळे जुळवलेलं चित्र टिकतं. यकृत मात्र पोट उघडताच आकार बदलतं. अशा ठिकाणी किती मिलिमीटरचा फरक असू शकतो हे दिसलंच पाहिजे, आणि ट्रॅकिंग, म्हणजे पेशंटच्या जागेवरची यंत्राची नजर, सुटलं तर चित्र सरळ गायब व्हावं. चुकीच्या जागी ठाम उभं राहिलेलं चित्र सगळ्यात घातक.

होलोलेन्स २ चं उत्पादन 2024 मध्ये थांबलं, तेव्हा शिकायला म्हणून जुना घेऊ नका. स्कॅनवरून मॉडेल करायचं थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आधी लॅपटॉपवर एक खुबा सुटा करून बघा.