घरी जोडलेला गिअरबॉक्स आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : माझ्या खासगी मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी घरीच उघडून पुन्हा जोडला. क्लच प्लेट व सीलचा संच आणि दुरुस्त केलेला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) एकाच ऑनलाइन विक्रेत्याकडून सहा महिन्यांच्या वॉरंटीवर घेतला होता. रिव्हर्स आणि पहिले दोन गिअर नीट चालतात. तिसरा गिअर पडताना मात्र इंजिन नुसतेच रेस होते आणि गाडी ओढत नाही. कन्व्हर्टर सदोष असल्याचे कळवल्यावर, ‘अधिकृत मेकॅनिककडून बसवून घेतला नाही, म्हणून वॉरंटी लागू नाही’ असे उत्तर आले. गिअरबॉक्स पुन्हा उघडून दोष शोधावा आणि मग नोटीस द्यावी का?

उत्तर : गिअरबॉक्स आत्ता उघडू नका. तो आज ज्या अवस्थेत आहे ती अवस्था हाच आपला सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि आपण एकट्याने तो उघडलात तर प्लेटवरची प्रत्येक खूण दुसऱ्या उघडणीत झाली असे म्हणायला विक्रेता मोकळा होईल.

दुसरी गोष्ट आपल्याला आवडणार नाही, पण नोटीस देण्याआधीच ती सांगितली पाहिजे. कन्व्हर्टरवर ठेवलेला दोष टिकेल असे मला वाटत नाही. इंजिनाची ताकद सर्वच गिअरमध्ये कन्व्हर्टरमधून येते, त्यामुळे त्यात घसरण असती तर ती पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सलाही जाणवली असती. दोष एकाच गिअरला आहे, म्हणजे संशय तिसऱ्या गिअरचा क्लच, त्याची सील, व्हॉल्व्ह बॉडी (तेल योग्य क्लचकडे वळवणारा भाग) किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारा तेलाचा व्हॉल्व्ह) यांच्याकडे जातो. अनेक गिअरबॉक्समध्ये तिसरा गिअर आणि रिव्हर्स यांना एकच क्लच लागतो. आपला तसा असेल, तर रिव्हर्स चालतो एवढ्यावरून तो क्लच निर्दोष ठरत नाही, कारण रिव्हर्समध्ये तेलाचा दाब वाढवलेला असतो आणि थोडी गळकी सील त्या दाबाखाली निभावून जाते. म्हणून आपल्या गिअरबॉक्सचा क्लच-तक्ता, म्हणजे कोणत्या गिअरला कोणता क्लच लागतो याचा तक्ता, सर्व्हिस मॅन्युअलमधून काढून तक्रारीला जोडा आणि तक्रार कन्व्हर्टरपुरती न ठेवता संपूर्ण संचाविषयी करा.

न उघडता होणाऱ्या तपासण्या मात्र लगेच, त्रयस्थ मेकॅनिककडून करून घ्याव्यात : उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला आणि पद्धतीने मोजलेली तेलाची पातळी, तेलाचा प्रकार, स्कॅनरवरचे कोड आणि गेज लावून घेतलेला लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधील तेलाचा मुख्य दाब. अहवालावर तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि सही हवी. फोटो व स्कॅनरच्या नोंदी पुढे दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र लागेल, म्हणून मूळ फाइल पुसू नका. तोवर गाडी चालवणे थांबवा. घसरत्या क्लचवर ती चालवत राहिलात तर प्लेट जळतील आणि टाळता येण्याजोगे ते नुकसान विक्रेत्याकडून मागता येणार नाही.

वॉरंटीची अट खरेदीच्या दिवशी आपल्यासमोर होती का, हे बिल आणि तेव्हाचे संकेतस्थळाचे पान पाहून ठरवा. ती तेव्हा नसेल तर नंतर लादता येत नाही. असेल, तर ती अन्याय्य करार असल्याचे म्हणणे शक्य आहे, पण तशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नव्हे तर राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते, हे ध्यानात ठेवा. शिवाय 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. माल सदोष होता हे मात्र आपल्यालाच दाखवावे लागेल.

यासाठी स्पीड पोस्टने आणि ई-मेलने नोटीस पाठवून पंधरा दिवसांत संयुक्त तपासणीला येण्यास सांगा. विक्रेता आला नाही, तर त्याच मेकॅनिकसमोर, सलग चित्रीकरण करत गिअरबॉक्स उघडा. क्लचमधील मोकळीक (प्लेटच्या संचात राहिलेली फट) आणि प्रत्येक प्लेटची जाडी मोजून लिहा, आणि काढलेला एकही भाग टाकू नका. वाद जिल्हा आयोगासमोर गेल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 38 खाली आयोग मोहरबंद नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनही ते भाग जपायचे. आपण राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते; मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षे आहे.

उलटतपासणीत विचारले जाईल ते आपण घरी काय केले, याबद्दल. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या होत्या का, नव्या प्लेट तेलात भिजवल्या होत्या का, जोडताना मोकळीक मोजून लिहिली होती का, पिस्टनची सील बसवल्यावर हवेच्या दाबाने तपासली होती का? यांतले काही राहिले असेल तर ते लपवू नका; अशा वेळी पूर्ण नुकसानभरपाईऐवजी संचाच्या किमतीवर तडजोड करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या चार गोष्टींच्या नोंदी, बिल आणि विक्रेत्याचे उत्तर मला पाठवा. नोटिशीचा मसुदा त्यावरूनच करता येईल.