दुपारचा शॉट आंबट का लागतो?

प्रश्न: ताई, बरिस्ताचा, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणाऱ्याचा, तीन आठवड्यांचा कोर्स करून दोन महिन्यांपूर्वी मी एका कॅफेत कामाला लागलो. कॉफीवरच्या दुधात हृदय, रोझेटा (पानाची नक्षी) मला छान जमतं. पण इथं मला मशीन धुणं, फडकी बदलणं आणि सकाळी ग्राइंडर (कॉफी दळायचं यंत्र) लावणं एवढंच देतात. त्यातही सकाळी नीट बसवलेला शॉट, म्हणजे एका वेळी काढलेला एस्प्रेसो, दुपारी आंबट लागतो आणि बोलणी मला खावी लागतात. माझं काय चुकतंय? आणि दुधाचा जग हातात कधी मिळणार?

उत्तर: तुझ्या हाती ग्राइंडर दिलाय, म्हणजे कॅफेतलं सगळ्यांत जोखमीचं काम दिलंय. हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही. शॉट बिघडलेला असेल, तर वर कितीही देखणं पान काढलं तरी पिणाऱ्याच्या तोंडात बिघडलेला शॉटच जातो.

आता दुपारचं बघू. समज, सकाळी तू १८ ग्रॅम पूड घेऊन २८ सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढतोस. दुपारी तेवढाच एस्प्रेसो २१-२२ सेकंदांतच कपात येत असणार. पाणी पुडीतून घाईनं निघून गेलं की आंबटपणा आधी उतरतो आणि गोडवा पुडीतच राहतो. ही घाई का होते? हॉपरमधल्या, म्हणजे ग्राइंडरच्या वरच्या भांड्यातल्या, बिया कमी झाल्या की वरचा भार घटतो. सकाळभर चालून ग्राइंडरची पाती तापतात. हवेतला दमटपणा बदलतो. पाकीट उघडून बरेच दिवस झाले असतील, तर बियांमधला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो आणि अशी पूड पाण्याला कमी अडवते. म्हणजे सकाळी तुझं काही चुकलेलं नसतं, फक्त सकाळचं माप दुपारपर्यंत टिकत नाही. गर्दी सुरू व्हायच्या आधी पुन्हा एक शॉट काढ, वजन कर, चाख. पूड थोडी बारीक कर, बाकी काही हलवू नकोस. आणि ग्राइंडरचं माप बदलल्यावर आलेली पहिली पूड टाकून दे, कारण आत जुनी पूड अडकलेली असते. ती टाकली नाहीस, तर चाखशील जुनं आणि निर्णय घेशील नव्याचा.

‘चाख’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या पहिल्या नोकरीत चाखायची पद्धतच नव्हती. टायमरवर आकडा बरोबर दिसला की कप बाहेर. रोज येणारे एक गृहस्थ एक दिवस अर्धा कप तसाच ठेवून उठले. मी लगेच दुसरा शॉट काढून प्यायले, तर तो एकाच घोटात आंबटही लागला आणि कडूही. पूड मी एका बाजूला जास्त दाबत होते, पाणी दुसऱ्या बाजूनं वाट काढून पळत होतं. सेकंद मात्र अगदी बरोबर होते! त्या दिवसापासून चाखल्याशिवाय मी दिवसाचा पहिला कप बाहेर दिलेला नाही.

आंबट आणि कडू यांत सुरुवातीला सगळ्यांचाच घोळ होतो. त्यावर एक सराव सांगते. एकच शॉट तीन कपांत धर, दर दहा सेकंदांनी कप बदल. पहिल्या कपातलं दाट, झोंबणारं, आंबट असेल आणि तोंडाला पाणी सुटेल. दुसरा गोडसर. तिसरा पातळ, कडवट, गिळल्यावरही घशाशी रेंगाळणारा. मग तिन्ही एकत्र करून पी. हे आठ-दहा दिवस केलंस, की दुपारचा शॉट नुसता धारेवरून ओळखशील.

मशीन धुण्याचंही तसंच आहे. दूध तापवल्यावर स्टीम वाँड (वाफेची नळी) लगेच पुसून वाफ का सोडतात, हे कोर्समध्ये सांगितलं होतं का? वाफ बंद झाली की वाँड गार होतो आणि दूध आत ओढलं जातं. तेच पुढच्या कपात उतरतं. म्हणून वाँडचं फडकं वेगळं, पूड भरायच्या बास्केटचं वेगळं, ओट्याचं वेगळं.

दुधाच्या जगबद्दल एवढंच: वरिष्ठांना सरळ विचार, “गर्दी नसताना अर्धा तास दूध करू का?” सुरुवातीलाच, दूध कोमट व्हायच्या आत, दुधात हवा घे, मग फक्त भोवरा फिरू दे आणि ६० ते ६५ अंशांवर थांब. त्यापुढे गोडवा जातो आणि उकळल्या दुधाचा वास येतो.

प्रश्न: माझं वय ३८. कार्यालयातली नोकरी सोडून या कामात यायचंय. आधी प्रमाणपत्र घ्यावं की काम शोधावं?

उत्तर: आधी काम, मग प्रमाणपत्र. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या बरिस्ता स्किल्स अभ्यासक्रमाला फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि प्रोफेशनल अशा तीन पायऱ्या आहेत. मधली पायरी तुम्ही सहा महिने मशीनवर उभं राहून केलीत, तर तिथला प्रत्येक शब्द हाताला ओळखीचा लागेल. वयाची काळजी करू नका, मनगटाची मात्र घ्या. टॅम्प करताना, म्हणजे पूड टॅम्परनं दाबताना, कोपर थेट टॅम्परच्या वर आणा, मनगट सरळ ठेवा आणि जोर खांद्यातून येऊ द्या. पूड सपाट बसली आणि आणखी दबेनाशी झाली की थांबा. त्यापुढे लावलेल्या जोरानं कॉफी सुधारत नाही, हात तेवढा दुखतो.