कर्नेल कंपाइल झाले, पण डिस्क सापडेना

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती टाकून लिनक्सचे कर्नेल (प्रणालीचा गाभा) प्रथमच स्वतः कंपाइल केले, म्हणजे सोर्स कोडपासून तयार केले. कर्नेलमध्ये काय काय असावे हे ठरवणारी कॉन्फिग फाइल उबुंटूचीच घेतली. त्यातले प्रमाणपत्रांच्या फायलींचे दोन पर्याय मात्र रिकामे करावे लागले. पाच तासांनी तयार झालेली बीझेडइमेज (कर्नेलची फाइल) हाताने बूट फोल्डरमध्ये ठेवली व संगणक सुरू होताना कर्नेल चालू करणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या मेनूत तिची नोंद केली. आता ‘व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ हा संदेश येऊन सारे थांबते. एनव्हीएमई डिस्कच्या ड्रायव्हरचा पर्याय ‘एम’ (वेगळे मॉड्यूल) ऐवजी ‘वाय’ (कर्नेलमध्येच समाविष्ट) करून पाहिला, तरी तेच. काय चुकले?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : हा संदेश दिसतो आहे, याचाच अर्थ आपले कर्नेल नीट कंपाइल झाले आहे. ग्रबने ते उचलले, सिक्युअर बूटने (सही नसलेले कर्नेल रोखणाऱ्या सोयीने) अडवले नाही, प्रोसेसर व मेमरी ओळखली गेली आणि मूळ फाइल सिस्टिम जोडण्याच्या जवळजवळ अखेरच्या टप्प्यावर येऊन ते अडले. कंसातली दोन शून्ये सांगतात की मूळ डिस्क कोणती, हेच त्याला उमगलेले नाही.

‘एम’ म्हणून निवडलेला ड्रायव्हर वेगळ्या फायलीत राहतो, आणि ती फाइल त्याच डिस्कवर असते. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावल्यासारखे झाले. ही अडचण इनिटरॅमएफएस सोडवते. आवश्यक ड्रायव्हर असलेली ही छोटी फाइल सिस्टिम ग्रब कर्नेलबरोबरच मेमरीत आणून ठेवतो. बीझेडइमेज हाताने ठेवल्यामुळे आपल्याकडे ती तयारच झाली नसावी. ‘वाय’ करूनही फरक का पडला नाही, याचे कारण सहज लक्षात येत नाही, आणि अनुभवी माणसेही येथे चकतात : ग्रबच्या नोंदीत मूळ डिस्क बहुधा फाइल सिस्टिमच्या यूयूआयडीने (ओळखक्रमांकाने) सांगितलेली असते, आणि तो क्रमांक वाचण्याचे काम कर्नेल नव्हे, तर इनिटरॅमएफएसमधील प्रोग्राम करतात. कर्नेलला स्वतःला डिस्कवरील विभाजनाचा ओळखक्रमांक (पार्टयूयूआयडी) किंवा उपकरणाचे नाव यांसारख्या खुणाच कळतात.

तेव्हा पुन्हा कंपाइल करू नका. संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुने कर्नेल निवडा (ते कधीही पुसू नये), सोर्सच्या फोल्डरमध्ये जा आणि सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) प्रथम ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’, मग ‘मेक इन्स्टॉल’ चालवा. उबुंटूवर दुसऱ्या आज्ञेने इनिटरॅमएफएस तयार होते आणि ग्रबचा मेनूही अद्ययावत होतो. पहिल्या आज्ञेला ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ जोडावे, कारण उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये डीबगची (चुका शोधण्यासाठीची) माहिती चालू असते आणि तिच्यामुळे इनिटरॅमएफएस अवाढव्य फुगते. हाताने घातलेली नोंद काढून टाका.

पाच तासांचे म्हणाल, तर उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये जगातल्या नाना उपकरणांचे हजारो ड्रायव्हर असतात. आपल्याला त्यांतले थोडेच लागतात. पुढील खेपेस डीबगची माहिती बंद करा, जुन्या कर्नेलवर असताना ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा आणि ‘मेक’ला ‘-जे’ देऊन प्रोसेसरचे सर्व कोअर कामाला लावा. लोकलमॉडकॉन्फिग त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल ठेवते व बाकीची गाळते. म्हणून ती आज्ञा देण्यापूर्वी पेन ड्राइव्ह, प्रिंटर, ब्लूटूथचा माउस, जे जे एरवी वापरता ते सारे एकदा जोडून घ्या.