कारकून ते फील्ड मार्शल: सांगलीच्या एका पालकांना उत्तर

सस्नेह नमस्कार,

आपले पत्र मिळाले. बावीस वर्षांचा आपला मुलगा बी.कॉम. होऊन एका सी.ए.च्या कार्यालयात नोकरी करतो, सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीतून तो पहिल्याच दिवशी ‘स्क्रीन आउट’ (प्राथमिक चाळणीत बाद) होऊन परतला, आणि आता दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांचे नाव घेऊन ‘तेही कारकूनच होते’ असे आपल्याला ऐकवतो. हे उदाहरण त्याला लागू पडते का, असे आपण विचारले आहे. पडते, पण तो समजतो तसे नाही.

स्लिम यांच्या वडिलांचा व्यापार बुडाला होता. आधी प्राथमिक शाळेत शिकवून आणि मग धातूच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत कारकुनी करून ते घराला हातभार लावत. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही 1912 मध्ये ते तिथल्या अधिकारी प्रशिक्षण दलात शिरले आणि ऑगस्ट 1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटताच त्यांना तात्पुरते कमिशन (अधिकारपद) मिळाले. युद्ध नसते तर त्यांच्या परिस्थितीतल्या तरुणाला ते मिळणे फार अवघड होते, हे मुलाला स्पष्ट सांगावे.

गॅलिपोली आणि मेसोपोटेमियात जखमी होऊन ते भारतीय सैन्यात, गुरखा पलटणीत आले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे चरित्र वाचताना मुले भराभर उलटतात, आणि मला तीच महत्त्वाची वाटतात. बढती रखडलेली, पगार अपुरा, म्हणून टोपणनावाने गोष्टी लिहून ते चार पैसे मिळवत. याच काळात ते क्वेट्ट्याच्या लष्करी स्टाफ कॉलेजात शिकले आणि पुढे इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीच्या तशाच कॉलेजात शिकवू लागले. पलटणीची कमान हाती आली ती 1938 मध्ये, सत्तेचाळिशीला टेकताना. 1939 मध्ये तर ते आपल्या शेजारच्या बेळगावात, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेचे प्रमुख होते.

पुढल्याच वर्षी सुदानच्या सीमेवर गल्लाबात येथे त्यांचा हल्ला फसला आणि तो दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. जपानविरुद्धच्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर 1943 मध्ये एका जखमी सैनिकामागे 120 आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते. हिवतापाची मेपाक्रिन गोळी जवान घेतात की नाही, हे पाहण्यासाठी स्लिम यांनी अचानक रक्ततपासण्या लावल्या आणि प्रमाण कमी भरले तेव्हा जवानांना नव्हे, पलटणीच्या प्रमुखाला घरी पाठवले. असे तीन अधिकारी गेल्यावर बाकीच्यांना अर्थ कळला. 1944 मध्ये इंफाळ-कोहिमा आणि 1945 मध्ये मंडाले जिंकणारी त्यांची चौदावी सेना अशा कामातून उभी राहिली होती. मुलाला अधिकाऱ्याचे हे काम हवे आहे, की नुसता हुद्दा, हे त्याला विचारा. एसएसबीत पाच दिवस बहुतांशी हेच चाचपले जाते.

व्यवहाराचे सांगायचे तर वेळ गेलेली नाही. सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एसएसबीला किती वेळा जावे याला मर्यादा नाही. डेहराडूनच्या लष्करी अकादमीसाठी वयाची अट साधारण 24, तर चेन्नईच्या अकादमीतल्या अल्पसेवा (ठरावीक वर्षांच्या) कमिशनसाठी 25 वर्षांपर्यंत असते; जन्मतारखेची नेमकी मर्यादा त्या-त्या वेळच्या जाहिरातीत पाहावी. नोकरी मात्र त्याने सोडू नये. नोकरी टिकवून प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे अर्धवेळ सैनिकी सेवेत) अधिकारी होण्याची वाट 42 वर्षांपर्यंत खुली असते. येता अर्ज भरताना अकादमींचा पसंतीक्रम विचारतील. त्यात डेहराडूनच्या हट्टापायी चेन्नईचा पर्याय त्याने गाळू नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक