अनोळखी पियानोंचा उन्हाळा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पियानो-दौऱ्याची यादी मिळाली. सात आठवडे, नऊ गावं, अकरा मैफली: जूनमध्ये जर्मनीतलं ऱ्हूर खोरं, जुलैत स्वित्झर्लंडचे डोंगर, ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्स. फार आनंद झाला. थोडी काळजीही वाटली, पण ती तुझ्या बोटांची नाही.

आपला गवई आधी स्वतःची पट्टी सांगतो, मग तानपुरे त्या पट्टीत लागतात. व्हायोलिनवाले आपलं वाद्य सोबत घेऊनच विमानात बसतात. तुझ्यापुढे मात्र दर संध्याकाळी परका पियानो असणार. आपला पियानो बरोबर नेणारा पोलिश पियानोवादक क्रिस्टियान झिमरमनसारखा एखादाच. त्यात उन्हाळ्यातल्या जागाही नाना तऱ्हेच्या. तूर शहराजवळच्या ज्या मेस्ले गावी थोर रशियन पियानोवादक रिख्टरने 1964 मध्ये महोत्सव सुरू केला, तिथे मैफल तेराव्या शतकातल्या धान्याच्या कोठारात होते.

म्हणून मैफलीआधी मंचावर जो अर्धा तास मिळतो, तो जप. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी तो संगीतकार लिस्टच्या रचनांतल्या अवघड जागा घोटण्यात घालवला. रात्री पहिल्याच पानावर कळलं, की खालचे सूर नुसते घुमताहेत आणि वरचे कोरडे पडताहेत. पुढचा तासभर मी त्या पियानोशी भांडत राहिलो आणि ते भांडण श्रोत्यांना ऐकू गेलं.

तुझ्याकडे यंदा संगीतकार शूबर्टचा शेवटचा, बी फ्लॅट मेजर या स्वरमेळातला सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) आहे. पियानो ओळखायला याहून चांगली कसोटी नाही. सुरुवातीची शांत धून जराशी थांबते आणि आठव्या बारमध्ये, म्हणजे तालाच्या आठव्या घरात, अगदी खालच्या जी फ्लॅट सुरावर ट्रिल येते, म्हणजे शेजारशेजारचे दोन सूर भराभर आलटून पालटून, तीही पियानिसिमो, अगदी हळू आवाजात. मंचावर गेलीस की सगळ्यांत आधी तीच वाजव. एखाद्या पियानोवर ती लांबच्या गडगडाटासारखी येईल, दुसऱ्यावर दोन्ही सूर सुटे सुटे टोचतील, तिसऱ्यावर निम्मे सूर उमटणारच नाहीत. मग आवाज मऊ करणारं डावं पेडल दाबून तीच ट्रिल पुन्हा ऐक. कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसव आणि तिथे काय पोचतं ते विचार. वेगवान जागांकडे तेव्हा वळूच नकोस, त्यांची उजळणी हॉटेलातल्या टेबलावर बोटं चालवूनही होते.

पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरला लवकर भेट. ‘आवाज आवडला नाही’ एवढ्यावर तो काहीच करू शकत नाही. पियानोची नेमकी कळ दाबून दाखव, हा सूर शेजारच्यांपेक्षा तीक्ष्ण लागतो म्हणून सांग. तारेवर आपटणाऱ्या हातोडीवरच्या फेल्टला (लोकरीच्या जाड थराला) सुया टोचून तो आवाज मऊ करतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तुझं स्वित्झर्लंडमधलं वेर्बिये सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. हवा कोरडी झाली की ध्वनिफलक (तारांखालची लाकडी फळी) आकसतो आणि सूर उतरतात. मुंबईच्या पावसाळ्यात तुझ्या घरचा पियानो चढतो, त्याच्या बरोबर उलट.

दक्षिण फ्रान्समधल्या ला रोक दांतेराँला 1981 पासून बागेत, मोठाल्या झाडांखाली मैफली होतात. सिकाडा किड्यांची किरकिर तिथे अंधार पडेपर्यंत चालते. तिच्यावर मात करायला म्हणून जोरात वाजवू नकोस. लोक पुढे झुकून ऐकतात, मी पाहिलं आहे. उघड्यावर कागदी नोटेशन लावणार असशील, तर कपडे वाळत घालायचे चिमटे बरोबर ने. टॅबलेट उन्हात तापून बंद पडतो.

आता जरा कठोर बोलतो. जुलैत दोनदा तू सलग तीन दिवस रोज प्रवास करून त्याच संध्याकाळी वाजवणार आहेस. दोन्हीकडची एकेक मैफल सोडून दे, आणि आजच कळव, म्हणजे त्यांना दुसरा वादक शोधता येईल. मोकळ्या दिवशी पियानोला हात लावू नकोस. झोप, चाल, घरी फोन कर.

आणि हो, शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचे 90 दिवस 180 दिवसांच्या मुदतीत मोजतात. मार्चमधल्या स्पर्धेचे दिवसही त्यात धर.

प्रत्येक गावाहून ट्रिल कशी आली, ते दोन ओळींत लिही. ऱ्हूरच्या निरोपाची वाट पाहतो.

तुझे,
सर